पुढच्यानं वळायचं नाही

सगळ्यांनी माना वर केल्या आणि तिनं केली नाही. घडलं ते एवढंच. सात कयाक नदीभर पसरल्या होत्या, डाव्या काठाच्या झाडांची सावली अर्ध्या पात्रापर्यंत आली होती, पलीकडच्या बोटीतला डोळ्यांचा डॉक्टर वल्हं मांडीवर टाकून पाणी पीत होता. एकाएकी त्याची बाटली तोंडापासून दूर झाली, भूल देणाऱ्या बाईंनी चष्मा वर सरकवला, आणि बारा-तेरा माना एकाच क्षणी एकाच बाजूला वळल्या. तिला आधी त्या माना दिसल्या. मग पाण्याला जवळजवळ चिकटून गेलेली निळी रेघ दिसली, आणि रेघ लव्हाळ्यात शिरल्यावर तिला कळलं की खंड्या होता आणि तो शीळ घालत आला होता. तिच्यापुरता तो मुक्यानं आला आणि मुक्यानंच गेला. तिच्या पुढच्या जागेवर बसलेली आई, शहात्तर वर्षांची, हरखून जवळजवळ ओरडलीच, "ऐकलंस? नुसती सुई गं, सुई!" आणि ती मागून म्हणाली, "हो." वर आणखी म्हणाली, "किती टोकदार, नाही?" हे दुसरं वाक्य कुणी मागितलं नव्हतं. खोटं बोलणारा माणूस पदरचं जास्तच घालतो, हे तिला रोजच्या कामामुळे ठाऊक होतं.

इस्पितळाच्या कर्मचाऱ्यांची ही वार्षिक सहल. घरचं एक माणूस आणायची मुभा असते. कुणी नवरा आणतं, कुणी होणारी बायको, आणि डोळ्यांचा डॉक्टर दर वर्षी सासऱ्याला आणतो आणि दिवसभर त्याच्यापासून लांब राहतो. तिच्या घरचं माणूस म्हणजे आई. नदीवर जायचंय, सपाट बोटी आहेत, दिवसभर वल्हवायचंय, असं सांगितल्यावर आई म्हणाली होती, "बुडाले तर सुटले, तरंगले तर पुढच्या वर्षीही येईन." सकाळी काठावर वाटाड्यानं, ज्याचं नाव सगळ्यांनी पहिल्या दहा मिनिटांत 'नदीवाला' पाडलं, आईला लाइफ जॅकेट घातलं आणि पट्टे आवळताना तिच्या हाताचा दंड चाचपून म्हणाला, "आजी, हा हात वल्ह्याचाच आहे." आई दिवसभर तेवढ्यावर चालली असती. मग त्यानं सगळ्यांना नियम सांगितले. मागचा वळवतो, पुढचा नुसता वल्हवतो. मी वल्हं डोक्यावर आडवं धरलं की सगळे गप्प, तिथं प्राणी असतात. आणि पुढच्यानं मागे वळायचं नाही. बोट अरुंद आहे, अंग वळलं की बोट कलंडते. गप्पा मारायच्या असतील तर पुढे बघून मारा, मागच्याला ऐकू येतं. तेव्हा सगळे हसले होते आणि तीही हसली होती. आता, खंड्या जाऊन बराच वेळ झाल्यावर, आईची पाठ, नारिंगी जॅकेट, टोपीखालून निसटलेली पांढरी बट हे सारं हाताच्या अंतरावर असताना, तिला जाणवलं की आई मघापासून काहीतरी बोलते आहे. आवाज येत होता. शब्द येत नव्हते. आईचा खांदा हलला, म्हणजे प्रश्न असावा. ती म्हणाली, "हं."

हे आजचं नव्हतं. इस्पितळात तिला 'कानवाल्या बाई' म्हणतात. अठ्ठावीस वर्षं ती लोकांचे कान तपासते आहे. एक आवाजबंद खोली, तिला एक काच, काचेच्या आत पेशंटची खुर्ची, काचेबाहेर ती आणि तिचं यंत्र. पेशंटच्या कानाला हेडफोन लावायचे, एकेक सूर पाठवायचा, जाड्यापासून बारीकपर्यंत, आणि सूर ऐकू आला की त्यानं हातातलं बटण दाबायचं. पण पहिला पेशंट येण्याआधी रोज सकाळी यंत्राचीच तपासणी करायची असते, आणि ती स्वतःच्या कानांनी. हेडफोन आपण लावायचे, सगळे सूर ऐकायचे आणि कागदावर प्रत्येकापुढे खूण करायची. गेल्या आठ महिन्यांपासून शेवटचा, सगळ्यांत बारीक, आठ हजार हर्ट्झचा सूर तिला येत नव्हता. तो वाजतोय हे सांगणारा हिरवा दिवा लागत होता, म्हणजे सूर जात असणार. तारेतच काहीतरी झालं असेल म्हणून तिनं दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं हेडफोन चढवला, बटण फिरवलं आणि तोंड वेंगाडून तो काढून फेकला. "बाई, यंत्र ठणठणीत आहे. माझा कान फाटला." ती म्हणाली, "हो का? सकाळी जरा अडकतं बहुतेक." तो गेला आणि ती दिवा बघून खूण करू लागली. दिव्याखाली अंधार, ही म्हण तिला आठवली होती आणि तिचं हसू आलं नव्हतं. पुढे काय होणार हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? वरचे सूर आधी जातात, मग बोलण्यातली बारीक अक्षरं, स आणि फ आणि थ, गळून पडतात, आणि माणसाला ऐकू येतं पण कळत नाही. पेशंट अगदी याच शब्दांत सांगतात आणि शेजारी बसलेले घरचे लोक म्हणतात, ढोंग आहे हो सगळं, हवं तेवढं बरोब्बर ऐकू येतं.

बोटी आता एका संथ वळणावर आल्या होत्या. पडलेल्या झाडाच्या खोडावर सहा कासवं उन्हाला ओळीनं बसली होती आणि बोटी जवळ येताच एकामागून एक पाण्यात सरकली. शेवटचं, सगळ्यांत लहान, जरा विचार करून गेलं. आई हसली. पाठ हसताना दिसते, हे तिच्या लक्षात आलं. राखी बगळा एका पायावर उभा होता आणि या सगळ्यांचा त्याला कंटाळा आल्यासारखा दिसत होता. नदीवाल्यानं हात करून काठावरची हरणं दाखवली आणि ती सगळ्यांबरोबर, सगळ्यांएवढाच वेळ, तिकडे बघत राहिली. पण मनात तो 'हो' खुपत होता. तो तिचा नव्हताच. किंचित लवकर आलेला, किंचित जास्त आनंदी, प्रश्न पुरता संपायच्या आत दिलेला असा 'हो' तिनं ज्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला होता, तो माणूस जाऊन अकरा वर्षं झाली होती.

बाबा छापखान्यात होते. पस्तीस वर्षं यंत्राशेजारी उभं राहून त्यांचे कान गेले असणार हे कुणीही सांगितलं असतं. तिनं तर सांगायलाच हवं होतं. निवृत्तीनंतर तीनेक वर्षांनी आईनं त्यांना पिटाळलं. "एकदा कान दाखवून या. हाका मारून माझा घसा बसला." ते आले तेव्हा ती पस्तिशीची होती. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली, केसांना पाणी लावलेलं, असे ते बाकावर इतर पेशंटांबरोबर नंबर लावून बसले होते. कानाचा कसला धंदा, शाळेत शिकवायला लाग, असं दहा वर्षं म्हणालेला माणूस. आत खुर्चीवर बसल्यावर ते खोलीकडे, काचेकडे, यंत्राकडे बघत राहिले. पेशंटची खुर्ची नेहमी आडवी ठेवतात. पेशंटला तपासणाऱ्याचा हात दिसता कामा नये, ही त्या धंद्याची पहिली अट, अगदी पहिल्या दिवशी शिकवलेली. बाबा म्हणाले, "खुर्ची जरा वळव की. तुला काम करताना बघू दे." आणि तिनं वळवली. आजवर त्यांनी तिच्याकडे असं काही मागितलं नव्हतं. काचेपलीकडून ते तिच्याकडे बघत होते, लहान मूल जादूगाराकडे बघतं तसे, आणि तिला इतकं बरं वाटत होतं की निम्मी तपासणी होईपर्यंत तिच्या ध्यानातच आलं नाही. ते फार छान ऐकत होते. त्या वयात, त्या छापखान्यानंतर, इतकं छान कुणी ऐकत नाही. तिनं सूर न पाठवताच नुसतं मनगट हलवलं. बाबांनी बटण दाबलं. आणि हसले.

त्यांना फसवायचं नव्हतं, हे तिला तेव्हाही कळलं होतं. त्यांना वाटलं असेल, काम असंच असतं. मुलीनं हात हलवला की आपण बटण दाबायचं. आणि मुलीचा एकही सूर वाया जाऊ नये म्हणून ते जिवाचा डोळा करून बसले होते. तिनं उठायला हवं होतं, खुर्ची आडवी करायला हवी होती, बाबा, पुन्हा सुरुवातीपासून करू, एवढंच म्हणायला हवं होतं. तीन मिनिटांचं काम. बाहेर चार माणसं ताटकळत होती, हे खरं. पण ते कारण नव्हतं. बाहेर येऊन ते सगळ्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "सगळे आले की नाही? एकही सोडला नाही." आणि तिला त्यांचा चेहरा उतरलेला बघायचा नव्हता. पुढच्या वेळी नीट करू, असं स्वतःला बजावत तिनं आलेख काढला, रेघ खोटी, सरळ, आणि खाली सही केली. पुढची वेळ कधीच आली नाही. येणार कशी? तो कागद त्यांनी कपाटाच्या वरच्या खणात ठेवला आणि जेव्हा जेव्हा आई म्हणाली, कान दाखवा, तेव्हा तेव्हा खण उघडून तो बाहेर काढला. "मुलीनं स्वतः तपासलेत. सही आहे तिची."

कागदावर सही असल्यावर आईनं तरी काय करावं? कान ठणठणीत आहेत, आणि माणूस उत्तर देत नाही. याचा एकच अर्थ होतो. आईनं आधी भांडून बघितलं. ओट्यापाशी उभी राहून, पाठमोरी, ती काय काय बोलायची, आणि ते खिडकीशी वर्तमानपत्र घेऊन बसलेले, हूं नाही की चूं नाही. मग तिनं टोमणे मारून बघितले, तेही वाया गेले, आणि शेवटी ती कामापुरतं बोलू लागली. ते घर हळूहळू मुकं झालं. त्यात लेकीची भर अशी की ती रविवारी जायची आणि बाबांच्या समोर, उजेडात, गुडघ्याला गुडघा लावून बसायची आणि संथ, तोंड नीट उघडून बोलायची, जशी पेशंटांशी बोलायची सवय होती तशी. बाबा खुलायचे, विनोद करायचे, छापखान्यातल्या गोष्टी सांगायचे. आई दारातून बघत उभी राहायची. एकदा ती भांडी आवरता आवरता म्हणाली, "लेकीचं सगळं ऐकू येतं, बायकोचं तेवढं येत नाही. असे कान कुठं मिळतात, सांग तरी." तेव्हा तिनं सांगायला हवं होतं. ती म्हणाली, "जाऊ दे गं आई, वय झालंय त्यांचं." सात वर्षं तिनं जाऊ दिलं. मग ते गेले आणि ती सांगण्याची गोष्ट सांगण्यासारखी राहिली नाही. मेलेल्या माणसाचे कान तपासून आता काय मिळणार, असं तिनं मनाला समजावलं. पण आई अजून त्यांच्यावर रुसलेली होती. फोटोवरची धूळ पुसताना ती फोटोकडे बघत नसे. पाहुण्यांपुढे शांतपणे म्हणायची, "आमचे हे शेवटची सात वर्षं माझ्याशी बोलले नाहीत. काय केलं होतं मी, देव जाणे." दर वेळी लेक शेजारी बसलेली असायची आणि दर वेळी उठून पाणी आणायला जायची.

नदीवाल्यानं वल्हं डोक्यावर आडवं धरलं. सगळे थांबले. उजव्या काठाच्या मुळांमधून पाणमांजरं निघाली होती, एक मोठं आणि दोन पिल्लं; मोठं पुढे पोहत होतं, आणि दर थोड्या वेळानं मान मागे टाकून पिल्लं येताहेत ना हे बघत होतं. पिल्लांची तोंडं उघडत होती, मिटत होती. ती ओरडत असणार, बारीक आवाजात, कारण भूल देणाऱ्या बाईंनी हात छातीशी नेला आणि डोळ्यांच्या डॉक्टरच्या सासऱ्यानं बोट ओठावर ठेवलं. तिच्या कानात पाण्याची नुसती गाज होती. आठ हजाराच्याही खाली घसरलं की काय, असं तिच्या मनात आलं. पाणमांजरं पलीकडच्या लव्हाळ्यात गेली, नदीवाल्यानं वल्हं खाली घेतलं आणि बाकीच्या बोटी पुढे सरकल्या. त्या दोघी मागे राहिल्या. ती वल्हवायचीच विसरली होती.

पुढे आईची पाठ हलत होती. आवाज येत होता, चढउतार येत होते. एक लांब वाक्य, मग थांबणं, मग आणखी एक. ती आईच्या मानेकडे, जबड्याच्या हलणाऱ्या कडेकडे बघत होती आणि त्यातून शब्द जुळवू पाहत होती. मग थांबणं लांबलं. म्हणजे आता तिनं बोलायचं होतं. "हो," ती म्हणाली. आईचं वल्हं वरच्या वर थांबलं. दोनेक क्षणांनी आईनं ते बोटीच्या कडेवर आपटलं आणि मोठ्यानं, पुढच्या पाण्याकडे बघून म्हणाली, "हो काय, हो? दमलीस का, काठाला घ्यायला सांगू का, की अजून जाऊ या, असं विचारतेय. त्याला हो? बये, तूही अगदी त्यांच्यावर गेलीस. माणूस मरमर बोलतंय आणि मागं दगड बसलाय."

यातला मात्र एकूण एक शब्द ऐकू आला. राग मोठ्यानं आणि खालच्या पट्टीत बोलतो, तो कुणालाही ऐकू येतो. बाबांनासुद्धा रागच तेवढा ऐकू आला असणार, बाकी काही नाही. ऊन तिरपं झालं होतं. पुढच्या बोटी वळणाआड चालल्या होत्या. आईच्या मानेवरच्या सुरकुत्यांत घाम साचला होता, आणि ती मान शहात्तर वर्षांची होती, आणि आणखी किती वर्षं ती बाई फोटोकडे न बघता फोटो पुसणार होती?

"आई," ती म्हणाली, "मला ऐकू आलं नाही. मघाचा खंड्याही नाही आला. माझे कान चाललेत. आणि बाबांचे कधीच गेले होते. त्यांना तुझं ऐकू येत नव्हतं. मी तपासले तेव्हाच मला कळलं होतं. तो कागद खोटा आहे. मी खोटा लिहिला."

मग तिनं सगळं सांगितलं. खुर्चीचं, मनगटाचं, बटणाचं, बाकावरच्या लोकांपुढच्या त्यांच्या चेहऱ्याचं. एका पाठीला सांगितलं म्हणून जमलं; चेहऱ्याला सांगता आलं नसतं. बोट प्रवाहाबरोबर हळूहळू आडवी होत गेली आणि तिनं ती सरळ केली नाही. आईनं वल्हं मांडीवर ठेवलं होतं. तिचे दोन्ही हात त्यावर होते, ती काहीच करत नव्हती. एक पाणकावळा शेजारीच वर आला, त्यानं दोघींकडे बघितलं आणि पुन्हा बुडी मारली. तो पुन्हा वर आला. मग आई बोलली. आवाज अगदी खाली होता आणि पाण्यावरून पुढेच निघून गेला.

"आई, नाही ऐकू आलं," ती म्हणाली. हे वाक्य तिनं अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. ते म्हणायला एवढा धीर लागतो, हे तिला माहीत नव्हतं.

तेव्हा आई वळली. आधी मान, मग खांदा, मग जॅकेटसकट सगळं अंग, आणि बोट एका बाजूला झुकली, कडेवरून थंडगार पाणी आत आलं आणि दोघींच्या पायांशी भरलं. आईनं एका हातानं कड धरली. तिचे डोळे कोरडे होते. राग असेल असं तिला वाटलं होतं, पण त्या चेहऱ्यावर राग नव्हता. हरवलेलं काहीतरी भलत्याच ठिकाणी सापडावं तसा तो झाला होता.

"म्हणजे मी जे जे बोलले," आई म्हणाली, "मेला, दगड, काय काय बोलले, ते काहीच त्यांच्या कानावर गेलं नाही?"

"बहुतेक नाही गेलं. रागावून मोठ्यानं बोललेलं तेवढं गेलं असेल."

"आणि ते दुसरं?"

"कुठलं दुसरं?"

"ते जायच्या आधीच्या वर्षी. सकाळी. मी भांडी घासत होते. म्हटलं, चुकलं असेल माझं काही तर सोडून द्या आता. म्हटलं, मला तुमच्याशिवाय कोण आहे बोलायला. हळूच म्हटलं, मोठ्यानं कसं म्हणणार? त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं." तिनं ओठ पुसले. "मला वाटलं, हेच उत्तर. मग मी परत विचारलं नाही."

माफ कर म्हणायचं तर कशाकशासाठी, आणि त्या शब्दाला आता काय अर्थ होता? लांबून नदीवाला त्यांच्या दिशेनं वल्हवत येत होता आणि हात उंच करून काहीतरी ओरडत होता. ते तिला ऐकू येत नव्हतं. आईला येत असणार. तिनं तिकडे बघितलंसुद्धा नाही.

"एवढं कुणी मला सांगितलं असतं," आई म्हणाली, "तर मी वळून बोलले असते. काय मोठं होतं त्यात? हातातलं भांडं ठेवायचं आणि वळायचं."

बोट पुन्हा कलली. तिनं आपलं वल्हं आडवं करून दोन्ही हातांनी पाण्यावर दाबून धरलं, आणि आईचं बोलून होईपर्यंत तसंच धरून ठेवलं.